‘ड्रंकन मास्टर’ आणि जॅकी चॅन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅकी चॅनवर काहीही लिहिलं की खाली प्रश्न येतात ते हमखास ‘ड्रंकन मास्टर’बद्दल. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदा चित्रपट पाहणाऱ्यांनी वरून खाली वाचावं. ज्यांची पारायणं झाली आहेत त्यांनी थेट १२व्या प्रश्नापासून सुरुवात केली तरी चालेल.

१. ‘ड्रंकन मास्टर’ नावाचे दोन-तीन चित्रपट दिसतात. नेमका कोणता पाहायचा?

आधी १९७८चा. तो ऑक्टोबर १९७८ मध्ये हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक युएन वू-पिंग, निर्मिती सीझनल फिल्म कॉर्पोरेशनची आणि नायक चोवीस वर्षांचा जॅकी चॅन. १९९४ मध्ये ‘ड्रंकन मास्टर २’ आला. अमेरिकेत तो २००० साली ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने लागला, त्यामुळे बरेच जण त्यालाच मूळ चित्रपट समजतात. दोन्ही उत्तम आहेत, पण जॅकी चॅन हा तारा घडला तो पहिल्यात. नावातल्या इतर घोळांसाठी प्रश्न १६ पाहा.

२. गोष्ट काय आहे? शेवट सांगू नका.

वाँग फेइ-हुंग हा एका नामांकित गुरूचा वाह्यात मुलगा. वडिलांच्या मदतनीस शिक्षकाची टर उडवतो, रस्त्यात एका मुलीची छेड काढतो (ती निघते त्याच्याच नात्यातली बहीण, आणि तिची आई त्याला भर रस्त्यात लोळवते), एका बड्या घरच्या पोराला बदडतो. वडील हात टेकतात आणि त्याला सो नावाच्या भिकाऱ्याच्या हवाली करतात. हा म्हातारा सतत प्यायलेला असतो आणि शिष्यांना अर्धमेलं करण्याबद्दल त्याची ख्याती असते. पोरगं पळून जातं आणि एका भाडोत्री मारेकऱ्याच्या तावडीत सापडतं. तो त्याला नुसता मारत नाही, पुरता अपमानित करतो. मग फेइ-हुंग स्वतःच्या पायांनी वस्तादाकडे परत येतो. त्या मारेकऱ्याला पुढची सुपारी कोणाची मिळते, ते चित्रपटातच पाहा.

३. वाँग फेइ-हुंग खरंच होऊन गेला का?

हो. दक्षिण चीनमधल्या फोशानचा हा वैद्य आणि हुंग गार या कुंग फू शैलीचा गुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जन्मला आणि १९२०च्या दशकात वारला. सिंहनृत्यातही त्याचं नाव होतं. वडील वाँग केइ-यिंग आणि भिकारी सो या दोघांची गणना ‘कँटनचे दहा वाघ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढवय्यांमध्ये होते. चित्रपटातले प्रसंग मात्र कल्पित आहेत.

हाँगकाँगच्या प्रेक्षकाला हा माणूस आधीपासून तोंडपाठ होता. १९४९पासून क्वान टाक-हिंग या नटाने त्याला डझनावारी चित्रपटांत साकारलं होतं. धीरगंभीर, नीतिमान, कधी आवाज न चढवणारा. अशा पूज्य माणसाचं तरुणपण उनाड, भित्रं, फुकट जेवून पळ काढू पाहणारं दाखवणं ही मोठी हिंमत होती. चित्रपटातला निम्मा विनोद या ओळखीवर उभा आहे. आपल्याला ती ओळख नसते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासातला खट्याळपणा कधी कधी नुसता पोरकट वाटतो. हे माहीत ठेवून पाहा, बराच फरक पडतो.

४. हा जॅकी चॅनचा पहिला चित्रपट का?

नाही. लहानपणी त्याने छोट्या भूमिका केल्या होत्या. पुढे ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) आणि ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) या चित्रपटांत तो स्टंटमन होता. मग काम आटलं आणि तो आईवडिलांकडे ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला. तिथे तो बांधकामावर राबला. जॅकी हे नाव तिथलंच, सहकाऱ्यांनी पाडलेलं.

१९७६ मध्ये लो वेइ या दिग्दर्शकाने त्याला परत आणलं ते ‘नवा ब्रूस ली’ म्हणून. सूडाने पेटलेला, कपाळाला आठ्या घातलेला नायक त्याच्याकडून करून घेतला, आणि एकामागून एक चित्रपट पडले. त्याच्या चेहऱ्यावर तो राग बसतच नव्हता. पुढे लो वेइने त्याला दुसऱ्या कंपनीला उसना दिला आणि १९७८च्या मार्चमध्ये ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आला. दिग्दर्शक युएन वू-पिंग, तोच म्हातारा वस्ताद, तोच खलनायक. तो चालला, म्हणून त्याच मंडळींनी त्याच वर्षी ‘ड्रंकन मास्टर’ केला. तो तर धो धो चालला.

५. तो कुंग फू शिकला कुठे?

कुंग फूच्या शाळेत नव्हे, नाटकाच्या. माझ्या मते त्याच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

जॅकीचा जन्म ७ एप्रिल १९५४चा, हाँगकाँगचा. वडील कॅनबेरातल्या अमेरिकन दूतावासात स्वयंपाकी म्हणून गेले तेव्हा मुलाला त्यांनी चायना ड्रामा अकॅडमी या निवासी शाळेत ठेवलं. यू जिम-युएन या गुरूंची ही शाळा पेकिंग ऑपेरा शिकवायची. सुमारे दहा वर्षं तो तिथे होता. पहाटे उठायचं, तासन्‌तास हातांवर उभं राहायचं, कोलांट्या, गाणं, तलवारी, तोंडाला रंग, आणि चुकलं की छडी. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर संगीत नाटकाचा गळा, तालमीचं अंग आणि तमाशातल्या सोंगाड्याचं टायमिंग, हे सगळं एकाच पोराकडून करून घेणारी ती शाळा होती.

म्हणून जॅकी ‘लढवय्या जो विनोद करतो’ असा नाही. तो नट आहे, आणि त्याचं पूर्ण शरीर अभिनय करतं. शाळेच्या ‘सेव्हन लिटल फॉर्च्युन्स’ या बालपथकात तो होता, तसेच पुढे गाजलेले सॅमो हुंग आणि युएन बियाओही होते.

६. दारू पिऊन लढण्याची कला खरंच असते का?

असते, पण ती दारू पिऊन लढण्याची नाही, प्यायल्याचं सोंग घेऊन लढण्याची आहे. झुइ छुआन म्हणून ती ओळखली जाते आणि अनेक चिनी शैलींमध्ये तिचे प्रकार आहेत. आजच्या वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, स्पर्धांमध्येही ती सादर होते. झोकांडी जाते तेव्हा समोरच्याला वाटतं की हा पडला, आणि तोल सावरण्याच्या झटक्यातच फटका येतो. हे करायला तोल अतिशय पक्का लागतो. खरोखर प्यायलेला माणूस यातलं काहीच करू शकणार नाही.

चिनी कथांमध्ये ही कल्पना जुनी आहे. ‘वॉटर मार्जिन’ या अभिजात कादंबरीतला वू सोंग अठरा वाडगे दारू रिचवून डोंगरावर जातो आणि नुसत्या हातांनी वाघ मारतो. चित्रपटात दारूने बळ चढतं ते या परंपरेतून.

७. ते ‘आठ दारुडे देव’ कोण?

चीनच्या ताओ धर्मपरंपरेतले आठ अमर सिद्ध. चित्रपटात प्रत्येकाच्या नावाची एक खेळी आहे. लू दोंगबिनची आतली ताकद, कुबडीवाल्या लीचा जबरी उजवा पाय, मडकं कवटाळणारा हान झोंगली, कमरेतून अचानक हल्ला करणारा लान छाइहे, दुहेरी लाथांचा झांग गुओलाओ, गळा आवळणारा त्साओ गुओजिउ, मनगटात जोर असलेला बासरीवाला हान शियांगझी, आणि आठवी हे शियांगू, या आठांतली एकटी स्त्री.

(पुढे शेवटाचा उल्लेख आहे.) फेइ-हुंग पहिल्या सात खेळ्या मन लावून शिकतो आणि आठवी ‘बायकी’ म्हणून टाळतो. शेवटच्या लढतीत सात कमी पडतात तेव्हा त्याची पाचावर धारण बसते. वस्ताद ओरडून सांगतो की सातही एकत्र कर आणि आठवी तूच घडव. मग जॅकी तिथल्या तिथे ती बाई होतो. मुरडत चालतो, नटण्याचे हावभाव करतो, लाजतो, आणि प्रत्येक नखऱ्याच्या टोकाला एक ठोसा असतो. नीट पाहा, यात मारामारी थांबवून विनोद केलेला नाही. नखरा हाच पवित्रा आहे. हात केसांकडे जातो तो वार अडवण्याच्या वाटेवर असतो. स्त्रीभूमिका ही पेकिंग ऑपेराची खास विद्या, आणि दहा वर्षं त्या शाळेत घालवलेल्या पोरालाच ही दोन मिनिटं जमू शकतात.

८. विनोद आणि मारामारी एकत्र तर आपल्या चित्रपटांतही असते. यात एवढं विशेष काय?

बहुतेक ठिकाणी दोन्ही पाळीपाळीने येतात. आधी विनोदी पात्राचा प्रवेश, मग नायकाची हाणामारी. इथे एकाच हालचालीत दोन्ही आहेत. त्याची कारणं पडद्यावरच दिसतात.

एक म्हणजे कॅमेरा मागे असतो. डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही लढणारे दिसतात आणि एका शॉटमध्ये पाच-सात, कधी त्याहून जास्त हालचाली सलग होतात. झाकायला जागाच नसते. दुसरं, लढतीला ठेका आहे. मार, मार, थांबा, नजर, मार. ऑपेरात ढोल-झांजांवर जशा पोझ घेतात तसा. हशा येतो तो त्या थांबण्यात. आणि तिसरं, या नायकाला लागतं! ठोसा मारल्यावर तो स्वतःची बोटं झटकतो, तोंड वाकडं करतो. ब्रूस लीला दुखत नसे, जॅकीला दुखतं, आणि दुखतंय हे त्याने लपवलं नाही. १९७८च्या प्रेक्षकाला हे नवं होतं.

बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड या मूकपटांतल्या विनोदवीरांना जॅकीने पुढे उघड मानलं. ‘प्रोजेक्ट ए’मधली (१९८३) घड्याळाच्या मनोऱ्यावरून मारलेली उडी ही लॉइडला दिलेली दादच आहे.

९. प्रशिक्षणाचे प्रसंग खरे आहेत का? माझा मुलगा घरी करून बघतोय.

जॅकी ते खरोखर करतो आहे, एवढं नक्की. सर्वांत प्रसिद्ध प्रसंगात तो पाय वर अडकवून उलटा लटकतो. खाली पाण्याने भरलेली बादली, वर रिकामी. दोन्ही हातांत चहाचे इवलेसे पेले. खाली लोंबत पेले भरायचे, पोटाच्या जोरावर वर उठायचं, वरच्या बादलीत ओतायचे, पुन्हा खाली. तिथे पोटाचे स्नायू थरथरताना दिसतात, ती थरथर अभिनयाची नाही. अक्रोड बोटांनी फोडण्याचा प्रसंग बोटांच्या पकडीसाठी आहे. खेकड्याच्या नांगीसारखा हात करायचा आणि पेला धरल्यासारखा ठेवायचा, ही या शैलीची खूण.

मुलाला उलटं लटकू देऊ नका. जोर, बैठका आणि भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणं, तेही समोर कोणी मोठं असताना, एवढं पुरे.

१०. तो लाल नाकाचा म्हातारा कोण?

युएन स्यू-तिएन, दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे वडील. तेही ऑपेरात वाढलेले, आणि हाँगकाँगच्या चित्रपटांत कित्येक वर्षं मारामाऱ्या बसवलेले. मुलाच्या दिग्दर्शनाखाली उतारवयात त्यांना आयुष्यातलं सर्वांत मोठं यश मिळालं. जानेवारी १९७९ मध्ये, म्हणजे चित्रपट लागून तीन-चार महिने होतात न होतात तोच, हृदयविकाराने ते गेले. सोच्या भूमिकेसाठी त्यांना सगळीकडून मागण्या येत होत्या. त्यांना आठवणीत ठेवायचं असेल तर लाथा-ठोसे सोडून त्यांचे डोळे पाहा. पिऊन तर्र झालेल्या चेहऱ्यात डोळे मात्र जागे असतात.

११. खलनायकाच्या लाथा खऱ्या वाटतात. तो कोण?

ह्वांग जांग-ली, कोरियन नट आणि तायक्वांदोचा कसलेला शिक्षक. लाथा खऱ्याच आहेत. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’च्या वेळी त्याच्या लाथेने जॅकीचा दात गेला होता. ‘ड्रंकन मास्टर’च्या चित्रीकरणात जॅकीच्या भुवईचं हाड दुखावलं आणि डोळा थोडक्यात वाचला.

१२. फिल्म फास्ट केली आहे का? काही हालचाली अशक्य वाटतात.

थोडी, हो. त्या काळी हाँगकाँगमध्ये मारामारीचे शॉट घेताना कॅमेरा नेहमीपेक्षा किंचित कमी वेगाने चालवत, त्यामुळे पडद्यावर हालचाल जलद दिसे. सगळेच हे करत. पण यामुळे तोल, लवचिकता किंवा सलग दहा हालचाली पाठ असणं येत नाही, तेव्हा ‘सगळा कॅमेऱ्याचा खेळ’ हा आक्षेप मला मान्य नाही.

१३. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. माझी प्रत खराब आहे का?

प्रत ठीक असावी. तेव्हा तिथले चित्रपट आवाज न घेताच चित्रित होत आणि संवाद नंतर भरले जात, अगदी मूळ भाषेतसुद्धा. मिळाली तर कँटोनीज आवाजाची आणि उपशीर्षकांची प्रत निवडा. जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये पात्रांची नावंही बदललेली असतात, वाँग फेइ-हुंग ओळखू येत नाही आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेली गंमत साफ निसटते.

१४. श्रेयनामावलीत सगळेच युएन कसे? एकाच घरातले आहेत का?

काही आहेत, काही नाहीत. युएन वू-पिंग आणि युएन स्यू-तिएन हे खरे बापलेक, युएन हे त्यांचं आडनाव. याउलट युएन बियाओ, युएन वा, कोरी युएन हे प्रश्न ५ मधल्या शाळेचे विद्यार्थी. गुरूंच्या नावातलं ‘युएन’ तिथली मुलं लावत, खुद्द जॅकी तिथे युएन लो होता. चिनी लिपीत ही दोन अक्षरं वेगळी आहेत, उच्चारात तो फरक राहत नाही.

युएन वू-पिंग यांचं नाव तुम्ही इतरत्रही वाचलं असेल. ‘द मेट्रिक्स’ (१९९९) आणि ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) यांच्या मारामाऱ्या त्यांनीच बसवल्या.

१५. जॅकी सगळे स्टंट स्वतः करतो हे खरं का?

जीवघेणे म्हणून गाजलेले बहुतेक स्वतः केले आहेत. ‘पोलिस स्टोरी’त (१९८५) मॉलच्या मधोमध लटकणाऱ्या, दिव्यांनी लगडलेल्या खांबावरून घसरताना त्याचे तळवे भाजले. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटी फुटली, जीव वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागली. पण ‘प्रत्येक शॉट’ असं म्हणणं चूक ठरेल. त्याचं स्वतःचं स्टंट पथक आहे आणि काही शॉट त्यातल्या माणसांनी दिले आहेत. त्यांची नावं क्वचितच कोणाला ठाऊक असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जॅकीला मानद ऑस्कर मिळालं.

१६. ‘डान्स ऑफ द ड्रंकन मँटिस’ हा दुसरा भाग का? आणि तिसरा भाग कुठे आहे?

‘डान्स ऑफ द ड्रंकन मँटिस’ (१९७९) युएन वू-पिंग यांचाच, त्यात सोच्या भूमिकेत युएन स्यू-तिएनही आहेत आणि ह्वांग जांग-लीही. पण जॅकी नाही. काही ठिकाणी तो दुसरा भाग म्हणून विकला गेला, तिथून गोंधळ झाला. यशानंतर नावात ‘ड्रंकन’ घालून आलेल्यांची रांगच आहे.

‘ड्रंकन मास्टर ३’ (१९९४) हा लाऊ कार-लुंग यांचा. त्यात जॅकी नाही आणि आधीच्या दोन भागांशी गोष्टही जोडलेली नाही. तो का निघाला, हे पुढच्या उत्तरात.

१७. दुसऱ्या भागात दिग्दर्शकाशी भांडण झालं होतं म्हणे. कोणाचं बरोबर?

‘ड्रंकन मास्टर २’चे दिग्दर्शक लाऊ कार-लुंग यांचं घराणं पाहा. त्यांचे वडील लाम साइ-विंग यांचे शिष्य, आणि लाम साइ-विंग खुद्द वाँग फेइ-हुंगचे. हुंग गार त्यांच्या घरात वारशाने आली होती. त्यांना शुद्ध शैली हवी होती, जॅकीला आपली मोकळी, वस्तू हाताशी घेणारी, वेगवान लढत हवी होती. लाऊ मध्येच बाहेर पडले आणि चित्रपट जॅकीने पुरा केला. त्याच वर्षी लाऊंनी स्वतःच्या मनासारखा तिसरा काढला.

मला दोघांचंही पटतं, आणि चित्रपटात दोघंही दिसतात. सुरुवातीला आगगाडीखाली भाल्याची लढत आहे, त्यात समोरचा अधिकारी म्हणजे स्वतः लाऊ. तिथे पवित्रे स्वच्छ, जुन्या वळणाचे आहेत. शेवटी कारखान्यात केन लो या जॅकीच्या एकेकाळच्या अंगरक्षकाशी लढत आहे, ती पूर्णपणे जॅकीची. त्यात तो खरोखर धगधगत्या निखाऱ्यांवरून सरपटतो.

आणि हो, त्यातली सावत्र आई अनिता मुइ ही जॅकीपेक्षा नऊ वर्षांनी लहान होती! वडील झालेले नट टी लुंग आठ वर्षांनी मोठे. तरीही तिची फिरकी इतकी झकास आहे की वयाचा विचार मनात येत नाही.

१८. दुसऱ्या भागाचा शेवट अचानक तुटल्यासारखा वाटतो. काही कापलंय का?

कदाचित. शेवटच्या लढतीत फेइ-हुंग औद्योगिक अल्कोहोल पितो. हाँगकाँगच्या मूळ प्रतीत त्यानंतर छोटा प्रसंग आहे, त्यात दारूने त्याची दृष्टी आणि बुद्धी दोन्ही गेल्याचं विनोदी अंगाने दाखवलं आहे. अमेरिकेतल्या आवृत्तीत तो नाही. त्या आवृत्तीत संगीतही नवं आहे आणि आवाज इंग्रजी आहेत, जॅकीचा मात्र त्याचा स्वतःचा.

कापलेला प्रसंग चेष्टेवारी नेला आहे आणि मला तो रुचत नाही. पण दारूची किंमत मोजावी लागते हा धागा चित्रपटभर आहे. वडील मुलाला बजावतात की पाण्यावर नाव तरते तशी बुडतेही.

१९. मग मुलांना दाखवावा का?

दहा-बाराच्या पुढे, शेजारी बसून. १९७८च्या चित्रपटात दारू सरळ सरळ शक्ती देते, आणि ‘हे सोंग आहे’ हे कुठेच सांगितलेलं नाही. ते तुम्हाला सांगावं लागेल (प्रश्न ६ कामाला येईल). मुलीची छेड काढण्याच्या प्रसंगावरही बोला. त्या प्रसंगात मार खातो तो नायकच, हे बोलण्याला चांगलं निमित्त आहे.

२०. जॅकीचा भारताशी काही संबंध?

आहे. ‘द मिथ’चं (२००५) काही चित्रीकरण हंपीला झालं आणि त्यात मल्लिका शेरावत होती. ‘कुंग फू योगा’त (२०१७) सोनू सूद, दिशा पटनी आणि अमायरा दस्तूर होते, आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी जॅकी मुंबईत येऊन गेला. चित्रपट म्हणून दोन्ही त्याच्या उत्तम कामात बसत नाहीत, पण ‘द मिथ’मधली चिकट पट्ट्यावरची लढत जरूर पाहा. पाय चिकटतो, कपडा चिकटतो आणि त्यातूनच विनोद होतो, तो जुना जॅकी तिथे आहे.

२१. यानंतर तो पुन्हा कधी ‘दारुडा’ झाला का?

१९९४ नंतर एकदा ठळकपणे. ‘द फॉरबिडन किंगडम’मध्ये (२००८) जेट लीसोबत तो लू यान नावाचा पिऊन असलेला भटका गुरू आहे. मारामाऱ्या पुन्हा युएन वू-पिंग यांच्या. लू यान म्हणजे प्रश्न ७ मधल्या लू दोंगबिनचंच दुसरं नाव. यावेळी केस विस्कटलेला, मद्याचा बुधला जवळ बाळगणारा वस्ताद जॅकी आहे, आणि शिकायला आलेला धांदरट पोरगा दुसरा कोणी.